पसंतीसाठी आलेलं पुस्तक

४ जानेवारी

कंपनीची डायरी आली. मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी न चुकता पाठवतात. दर वर्षी ही तिच्यात फोन नंबर आणि आणायचं सामान लिहायची. ही नोव्हेंबरात गेली. डायरी कोरी राहील म्हणून यंदा मी लिहायला घेतली आहे. विम्याचा सर्व्हेअर होतो. जळालेली गोदामं आणि भिजलेला माल बघून जन्मभर अहवाल लिहिले, तेव्हा लिहिण्याची अडचण नाही. लिहायचं काय, ही अडचण आहे.

आज भात केला. खाली लागला. वरचा खाल्ला.

७ जानेवारी

सकाळी सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आल्या. वाचनालयासाठी कोणती पुस्तकं विकत घ्यायची हे ठरवणारी एक समिती असते आणि तिच्यात वाचकांचा एक प्रतिनिधी असतो. बरीच वर्षं ही प्रतिनिधी होती. तिची मुदत अजून शिल्लक आहे. बाई म्हणाल्या, काका, काकूंच्या जागी तुम्ही या.

मी म्हटलं, मी फक्त पेपर वाचतो, तोही मागच्या पानापासून. त्या म्हणाल्या, मग तर फारच चांगलं, समितीत सगळे वाचणारे आहेत, वाचनालयात न येणाऱ्या माणसाला काय हवं असतं ते आम्हाला कळतच नाही.

हो म्हणालो. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी लेकीचा फोन. समितीचं सांगितलं तर तिला खूप बरं वाटलं. मग पलंग परत केला का, असं विचारलं. हिच्यासाठी दवाखान्याचा, डोकं वर-खाली होणारा पलंग भाड्याने आणला होता, तो अजून पुढच्या खोलीतच आहे. या आठवड्यात करतो म्हटलं.

१५ जानेवारी

पहिली बैठक. वाचनालयाच्या मागे पूर्वी अडगळीची असावी अशी खोली, एक लांब टेबल, बांधणीच्या खळीचा वास. टेबलावर पुस्तकांचे ढीग. ही सगळी विक्रेत्यांनी पसंतीसाठी पाठवलेली पुस्तकं. ठेवली ती विकत घ्यायची, नको ती परत करायची, आणि परत करायची असतील तर डाग पडता कामा नये.

समितीत चार माणसं. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त डॉक्टर, उंच, बोलण्याआधी चष्मा पुसतात. एक शाळेतल्या बाई, त्या मुलांच्या पुस्तकांचं बघतात. ग्रंथपालबाई. आणि मी, म्हणजे हिची खुर्ची.

कामाची रीत अशी. वर्षाच्या पैशाचे आधीच वाटे पाडलेले असतात, मुलांसाठी इतके, संदर्भासाठी इतके, कथा-कादंबऱ्यांना इतके. मग एकेक पुस्तक हातात घ्यायचं. आपल्याकडे या विषयावर आधीच काही आहे का? लिहिणाऱ्याला त्यातलं कळतं का? बांधणी किती हातांत टिकेल? पाच वर्षांनी कुणी वाचेल का? एखाद्या पुस्तकासाठी वाचकांची रांग लागली असेल तर दुसरी प्रत. नंतर सूचनापेटीतल्या चिठ्ठ्या. एकाने लिहिलं होतं, 'निळ्या कव्हरचं, त्या बाईंचं, गेल्या उन्हाळ्यात होतं ते पुस्तक परत आणा.' ग्रंथपालबाईंना ते कोणतं हे कळलं. दुसऱ्याने लिहिलं होतं, रहस्यकथांची शेवटची पानं फाडणाऱ्याला शोधून काढा. त्यावर शाळेच्या बाई म्हणाल्या, ही मागणी खरेदीत बसत नाही.

मला तीन वेळा मत विचारलं. तिन्ही वेळा 'चालेल' म्हणालो. एकदा ते एका मांजराविषयीच्या पुस्तकाबद्दल होतं.

निघताना ग्रंथपालबाई म्हणाल्या, काकू असत्या तर आज दोन तास भांडण झालं असतं. मी म्हटलं, कोण, आमची ही? घरी पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे विचारलं तरी 'तुम्ही बघा' म्हणायची.

२६ जानेवारी

पाठ दुखते. दुसरं काही नाही.

३ फेब्रुवारी

पलंग न्यायला माणसं आली. दोघं होते, दारातून निघेना म्हणून पाय सोडवले. फरशीवर चाकांच्या चार खुणा राहिल्या आहेत. पुसल्या, गेल्या नाहीत.

लेकीला कळवलं. ती म्हणाली, खोली मोकळी वाटत असेल ना. मी म्हटलं, हो, आता पंखा पुसायला शिडी लावता येईल.

१२ फेब्रुवारी

बैठक. आधी शाळेच्या बाईंनी हिची एक गोष्ट सांगितली. मध्यंतरी थोरामोठ्यांच्या चरित्रांचा एक भलामोठा संच घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. सोनेरी अक्षरं, जाड कातडी पाठ, कपाटात शोभेल असा. हिने सगळे खंड टेबलावर मांडले आणि प्रत्येकाला म्हणाली, यातला आज रात्री वाचायला घरी न्याल तो उचला. कुणी हात लावला नाही. संच परत गेला. डॉक्टर हसून म्हणाले, माझ्यावर तर आठवडाभर राग होता त्यांचा, कारण तो संच मी सुचवला होता.

ही त्या दिवशी घरी आली असणार. मी विचारलं असेन, कशी झाली बैठक. 'झाली', असं म्हणाली असेल. मला आठवत नाही.

मग ग्रंथपालबाईंनी ढिगातून एक पुस्तक बाजूला काढलं. एका परिचारिकेने लिहिलेलं. माणूस बरा होणार नाही असं ठरल्यावर घरी त्याची शेवटपर्यंत काळजी कशी घ्यायची, याबद्दल आहे. डॉक्टर लगेच नको म्हणाले. त्यांचं म्हणणं, पुस्तकात चूक काही नसेल, पण लोक आपल्याला सोयीचं तेवढंच वाचतात. दवाखान्यात आणलं असतं तर वाचला असता, अशा माणसालाही मग घरी ठेवतील आणि त्याचा दोष वाचनालयावर येईल. शाळेच्या बाई म्हणाल्या, लोक इथे जरा विरंगुळ्याला येतात, आपण दारातच हे मांडायचं का?

ग्रंथपालबाई एवढंच म्हणाल्या, "चिठ्ठी टाकून कुणी असलं पुस्तक मागत नाही. पण काउंटरवर विचारतात. अगदी हळू आवाजात विचारतात."

मतभेद झाला की एका सभासदाने पुस्तक घरी नेऊन पूर्ण वाचायचं आणि पुढच्या बैठकीत अभिप्राय द्यायचा, असा नियम आहे. कोण नेतं म्हणून सगळे टेबलाकडे बघत होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. मी उचललं. माझ्याच हाताजवळ होतं म्हणून.

१७ फेब्रुवारी

पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. कागद पातळ आहे. चित्रं हाताने काढलेली आणि बेताचीच. पहिली दोन प्रकरणं वाचली. आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं, चादर कशी बदलायची. एक गुडघा दुमडायचा, खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे घ्यायचं. मी काखेत हात घालून ओढायचो. ही ओठ आवळायची, बोलायची नाही.

चित्रं खरंच वाईट आहेत. अभिप्रायात लिहिलं पाहिजे.

२० फेब्रुवारी

चौथ्या प्रकरणापर्यंत आलो. खाणं कमी होणं. पुस्तक म्हणतं, भूक जाते ती शरीर कामं आटोपतं म्हणून, आग्रह करू नये. मी रोज दुपारी वाटी घेऊन बसायचो. दोन घास खा, म्हणायचो. माझ्यासाठी तरी, म्हणायचो. ती खायची.

आज बाजारात जाऊन बल्ब आणला.

२४ फेब्रुवारी

दुपारी नववं प्रकरण वाचलं. शेवटच्या तासांबद्दल आहे. त्यातला मजकूर उतरवून ठेवतो. 'घशात घरघर सुरू होते. ऐकणाऱ्याला ती असह्य वाटते, माणूस गुदमरतोय असं वाटतं. आजाऱ्याला बहुधा तिचा त्रास होत नसतो, तो त्या जाणिवेच्या पलीकडे गेलेला असतो. त्याला हलके कुशीवर वळवा. ओठ ओले करा. हात धरून बसा. ऐकू शेवटपर्यंत येत असावं, तेव्हा बोला.'

त्या दिवशी काय झालं ते असं. सकाळी हिच्या घशात घरघर सुरू झाली. मला वाटलं गुदमरतेय. लेकीला फोन लावला, ती तिच्या गावी होती. तिला फोनमधून तो आवाज ऐकू गेला. ती ओरडून म्हणाली, बाबा, गाडी बोलवा, आत्ता बोलवा, बघत काय बसलाय. मी गाडी बोलावली. गाडीबरोबरच्या दोघांनी हिला उचललं, तोंडावर मास्क लावला, जिन्यातून स्ट्रेचर उभं करावं लागलं. गाडीत मला पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं. दवाखान्याच्या बोळात आत नेण्यापूर्वीच गेली. तेव्हा तिच्याजवळ एक वॉर्डबॉय होता. मी नोंदणीच्या खिडकीशी तिचं नाव आणि वय सांगत होतो.

असं झालं. नोंद म्हणून लिहिलं.

नंतर कपडे धुतले, वाळत घातले. काही वाटलं नाही.

६ मार्च

लेक दोन दिवसांसाठी आली आहे. आल्या आल्या फ्रिज साफ केला. मला म्हणाली, बाबा, तुम्ही वाळलात. तीही वाळली आहे. रात्री जेवताना तिने विचारलं, आई शेवटी काही बोलली का? हे तिने आधीही विचारलं आहे. नाही म्हटलं. मग ती म्हणाली, निदान आपण वेळ घालवला नाही, जे करता येण्यासारखं होतं ते केलं, मी हाच विचार करून झोपते. मी म्हटलं, हो, सगळं केलं.

७ मार्च

सकाळी अंघोळ करून बाहेर आलो तर लेक टेबलाशी उभी होती. हातात ते पुस्तक. कव्हर काढून नाव बघत होती आणि शेवटच्या बाजूची पानं चाळत होती. मी ते तिच्या हातातून घेतलं. जरा जोरात घेतलं गेलं. ती बघतच राहिली.

"वाचनालयाचं आहे," मी म्हटलं. "पसंतीसाठी आलेलं. मळवून चालत नाही."

"माझे हात स्वच्छ आहेत, बाबा."

मी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. ती दिवसभर फारशी बोलली नाही. दुपारी तिला स्टेशनवर सोडलं. गाडी हलली तेव्हा तिने हात केला आणि मीही केला.

विनाकारण कुलूप लावलं. प्रती खरंच मळवून चालत नाहीत, पण त्यासाठी कुलूप लागत नाही.

११ मार्च

उद्या बैठक. अभिप्राय लिहून काढला. कागद हलका, बांधणी कच्ची, चित्रं निकृष्ट, किंमत पानांच्या मानाने जास्त. शिफारस : घेऊ नये.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. एकदा गोदामाच्या आगीत असा अहवाल मी लिहिला होता, सगळं खरं आणि तरी वाचणाऱ्याला आग कुठे लागली ते कळू नये असा. तेव्हा साहेबांनी शाबासकी दिली होती.

असं पुस्तक घरात असलं की जे झालं ते पुन्हा होत नाही, हे खरं. पण ज्यांचं होऊन गेलं आहे त्यांच्याही हातात ते पडणार. त्यांचं काय? पुस्तक घ्यायचं की नाही याच्या प्रश्नांत हा प्रश्न नाही.

१२ मार्च

बैठक झाली. ती जशी झाली तशी लिहितो.

माझी पाळी आली तेव्हा मी कागदाबद्दल, बांधणीबद्दल, चित्रांबद्दल वाचून दाखवलं. शाळेच्या बाई मान हलवत होत्या. शिफारशीच्या ओळीपर्यंत आलो आणि थांबलो. ग्रंथपालबाईंना वाटलं माझं संपलं. त्यांनी विचारलं, "आणि मजकूर कसा आहे, काका?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहेच. माझी शंका वेगळी आहे. लोकांना ते झेपेल का? त्यांनी नको तेव्हा हे वापरलं तर?"

मी म्हणालो, "नववं प्रकरण मी पाहिलंय. आमच्याकडे. तेव्हा मला ते माहीत नव्हतं म्हणून मी गाडी बोलावली. ही दवाखान्याच्या बोळात गेली. हे पुस्तक घरी असतं तर ती घरी गेली असती."

मी पुढे म्हणालो, डॉक्टरांची भीती खोटी नाही, तसंही होईल कुणाच्या तरी हातून. पण न कळल्याने जे होतं ते रोज होतंय, आणि त्याची तक्रार घेऊन वाचनालयात कुणी येत नाही. एवढं मी या समितीत पहिल्यांदाच बोललो. आवाज नीट होता. हात टेबलाखाली होते.

डॉक्टर म्हणाले, "एक प्रत घ्या. पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवा, उपचाराचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा म्हणून. चिठ्ठीचा मजकूर मी देतो."

ती कुठे ठेवायची यावरून थोडा वाद झाला. शाळेच्या बाईंचं म्हणणं, नव्या पुस्तकांच्या फळीवर दारातच नको. शेवटी आरोग्याच्या कपाटात, डोळ्यांच्या उंचीवर, असं ठरलं. कुणालाही न विचारता उचलता यावं म्हणून.

त्यानंतर मुलांच्या कोड्यांची पुस्तकं. ती सगळी घेतली.

२ एप्रिल

पुस्तक दाखल झालं. शिक्का, क्रमांक, वरून पारदर्शक कव्हर, आत डॉक्टरांची चिठ्ठी. मी घरी नेलेली पसंतीची प्रत तीच आहे, वर्तमानपत्र काढल्यावर डाग नाही दिसला.

लेकीचा फोन आला होता. पाणी भरत होतो म्हणून लवकर ठेवला. पाणी येत नव्हतं.

१६ एप्रिल

वाचनालयात गेलो. पुस्तक कपाटात होतं. जाऊन बघायची गरज नव्हती, पण वाटेतच आहे.

७ मे

पुस्तक कपाटात नव्हतं. मधली फट तेवढी दिसत होती. कुणी नेलं हे विचारायचं नसतं, वाचकाची गोष्ट वाचकाची, असं ग्रंथपालबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी विचारलं नाही.

१४ मे

बैठक. डॉक्टर आले नाहीत. घरी आजारपण आहे म्हणे. त्यांची थोरली बहीण त्यांच्याकडेच असते, आईबाप लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलं, शिकवलं. त्यांच्या गैरहजेरीत शाळेच्या बाईंनी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून भुताच्या गोष्टींचा एक जाडजूड संग्रह मंजूर केला आणि म्हणाल्या, कळवू नका त्यांना.

११ जून

डॉक्टर याही बैठकीला नव्हते. शुश्रूषेच्या पुस्तकाची मुदत उलटून गेली आहे. नियमाप्रमाणे आठवणीचं पत्र जायला हवं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, मी पाठवणार नाहीये, चालेल ना? मी म्हटलं, पाठवू नका. कुणाच्या तरी उशाशी असेल.

त्या माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, आणखी दोघांनी विचारलंय काउंटरवर. रांग लागली की दुसरी प्रत, हा नियमच आहे. मंजूर केली. या वेळी 'चालेल' म्हणालो नाही, 'घ्या' म्हणालो.

२९ जून

सकाळी वाचनालयात पेपर वाचत बसलो होतो. डॉक्टर आले. पिशवीतून ते पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. दाढी वाढलेली. ग्रंथपालबाईंनी शिक्का मारला. डॉक्टरांनी मला पाहिलं आणि माझ्या बाकावर येऊन बसले.

"ताई गेली," म्हणाले. "परवा."

मी पेपर घडी करून ठेवला.

ते म्हणाले, "घरघर सुरू झाली. मी डॉक्टर. किती जणांना समजावलंय, घाबरू नका म्हणून. तरी माझ्या हातात फोन होता. नंबर लावला होता. मग ठेवला. तिला कुशीवर वळवलं, ओठ ओले केले, आणि लहानपणी ती मला झोपवताना जे काय बडबडायची ते मी तिला बडबडलो." चष्मा काढला, पण पुसला नाही. "मला सगळं ठाऊक असून माझा हात गेला, हो. तुमचा का जाणार नाही? तो आवाज ऐकल्यावर कुणाचाही जाणार."

मी हो म्हणालो. आम्ही बसलो. एक मूल येऊन कोड्यांची पुस्तकं कुठे आहेत विचारून गेलं. डॉक्टरांनी त्याला कपाट दाखवलं.

घरी यायला निघालो. पुलावर कठड्याला धरून उभा राहिलो. रडू आलं. बरंच आलं, थांबवता आलं नाही. एका बाईंनी थांबून विचारलं, आजोबा, बरं नाही का? मी म्हटलं, माझी बायको गेली. त्यांनी विचारलं, कधी? नोव्हेंबरात, म्हटलं. त्या थोडा वेळ शेजारी उभ्या राहिल्या आणि मग गेल्या.

घरी आलो. तोंड धुतलं. लेकीला फोन लावला. ती कामावर होती, घाबरली, काय झालं बाबा, म्हणाली. काही झालं नाही, म्हटलं, आईबद्दल बोलायचंय. त्या दिवसाबद्दल. मला जे कळलंय ते तुला सांगायचंय, आणि त्यात तुझं काही चुकलं नाही आणि माझंही नाही, हे आधी सांगतो. वेळ आहे का तुला?

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग खुर्ची ओढल्याचा.

"आहे," ती म्हणाली.